आपल्या बाजूचा आकडा

गोटमारीत आजवर किती माणसं गेली, हे मला दरवर्षी पोळ्याच्या सुमारास कुणीतरी विचारतंच. उत्तर देण्याआधी मला स्वतःला आवरावं लागतं. मोबाईल उघडला की एक सोडून चार आकडे समोर येतात आणि त्यांतला सगळ्यांत मोठा उचलावा असं मनापासून वाटतं. मी गोटमारीच्या विरोधात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा लावायचा, आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांनी एकमेकांवर दगड मारायचे, डोकी फोडायची, हे मला पटत नाही. मग मोठा आकडा सांगितला तर बिघडलं कुठे? मुलं घाबरतील. दोन पोरं जरी त्या दिवशी घरी थांबली तरी पुष्कळ झालं. असं मी स्वतःला इतक्यांदा समजावलं आहे की त्या समजावण्याचीच आता मला धास्ती वाटते.

ते आकडे नीट पाहिले तर काय दिसतं? बहुतेक बातम्या मृत्यूंची मोजणी १९५५ पासून सुरू करतात. १९५५ च का, हे कुणी सांगत नाही. त्याआधी कुणी गेलंच नाही, की त्याआधीची नोंद कुणी शोधलीच नाही? एका वर्षीची बातमी पुढच्या वर्षी तारीख बदलून येते, तिच्यावरून तिसरा व्हिडिओ करतो, आणि त्या तिघांचं एकमत पाहून आपल्याला वाटतं, तिघंही म्हणतात म्हणजे खरंच असणार. मुळात सांगणारा एकच असतो. जखमींच्या आकड्याचं तर आणखी वेगळं. कुणी दवाखान्यात दाखल झालेले तेवढे मोजतो, तर कुणी नदीकाठच्या शिबिरात पट्टी बांधून पुन्हा दगड उचलायला गेलेलेही धरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. नेमकं काय मोजलं, हे न सांगता त्यांतला एक पुढे करणं ही मात्र लबाडी आहे.

आणि ती लबाडी कुणाच्या वाट्याला येते? माझ्या वर्गात पांढुर्ण्याची मुलं बसतात तशी सावरगावचीही बसतात. ज्या घरातला माणूस खरोखरच या दगडांनी गेला, त्या घरासाठी मेलेल्यांचा आकडा म्हणजे भाषणात वापरायची वस्तू नव्हे. तिथे एक नाव आहे, एक वर्ष आहे, मागे राहिलेली माणसं आहेत. माझं म्हणणं वजनदार व्हावं म्हणून मी त्यात न मेलेली माणसं मिसळली, तर त्या एका खऱ्या मृत्यूचाही मी अपमान करतो. शिवाय जमावबंदीचे आदेश निघतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, दगडांऐवजी चेंडू देऊनही पाहिले गेले, तरी गोटमार सुरूच आहे. माझ्या फुगवलेल्या आकड्याने ती थांबेल, असं मी कशाच्या जोरावर धरून चाललो?

गोटमारीच्या उगमाचंही असंच. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी, पळून जाताना नदीत गाठलेलं जोडपं, दोन्ही काठांवरून झालेला दगडांचा मारा, आणि मग चंडीमातेच्या देवळात केलेला शोक. ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते. भोसल्यांच्या फौजेच्या सरावातून हे सुरू झालं, असंही सांगणारे आहेत. आजी ती गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगायची. इंटरनेटवर मात्र ती इतिहास होते, कुठे तिला तीनशे वर्षं मिळतात, कुठे चारशे, आणि खाली कसल्याही कागदाचा पत्ता नसतो. मला ही गोष्ट प्रिय आहे. ती माझ्या गावाची आहे, दुःखाची आहे, आणि दगडांच्या मागे प्रेम होतं असं म्हणायला ती मला जागा देते. म्हणूनच तिच्याकडे पुरावा मागायला माझं मन तयार होत नाही. परक्या गावाची असती तर मी पहिल्याच ओळीला विचारलं असतं, कशावरून?

हे सगळं मी मांडतो आहे ते शिक्षक होऊ पाहणाऱ्या आमच्या भागातल्या मुलामुलींसाठी, आणि तितकंच स्वतःसाठी. पांढुर्णा-सौंसरच्या गावागावांत डी.एल.एड., बी.एड. करून पात्रता परीक्षेची तयारी करणारी मुलं भेटतात. दिवसा बागेत, दुकानात, नाहीतर खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर काम, आणि रात्री मोबाईलवर अभ्यास. त्यांचं वाचनालय मोबाईलमध्ये आहे. टेलिग्रामवर आलेली पीडीएफ, यूट्यूबवरचा तास, कुणीतरी कुणाच्या तरी नोट्सवरून उतरवलेल्या नोट्स. यात कमीपणाचं काही नाही. चांगलं ग्रंथालय जवळ नसेल तर माणूस जे मिळेल त्यावरच शिकणार. पण उद्या हीच मुलं फळ्यासमोर उभी राहतील तेव्हा त्यांच्या तोंडचं वाक्य ‘सरांनी सांगितलं’ एवढ्याच आधारावर घरोघर पोचणार आहे. सात वर्षांचं मूल शिक्षकाला पुरावा मागत नाही. म्हणूनच तो पुरावा शिक्षकाने आधी स्वतःकडे मागून ठेवायला हवा.

अध्यापन पद्धतीच्या टिपणांत एक शंकू हमखास भेटतो. वरच्या टोकापासून खाली लिहिलेलं असतं की वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३०, पाहिलेलं आणि ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७०, आणि करून पाहिलेलं ९० टक्के. खाली नाव असतं एडगर डेल. परीक्षेसाठी हे पाठ करणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. आता त्या आकड्यांकडेच बघा. माणसाच्या स्मरणाचा प्रयोग खरोखर केला असता तर प्रत्येक वेळी उत्तर नेमकं दहाच्या पाढ्यात आलं असतं का? काय वाचलं, कुणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं? कविता आणि पाढा एकाच मापाने लक्षात राहतात का? डेल यांनी १९४६ साली दृक्‌श्राव्य अध्यापनावरच्या आपल्या पुस्तकात हा शंकू मांडला, पण त्यात टक्केवारी नव्हती. अनुभव किती प्रत्यक्ष आणि किती अमूर्त, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. आकडे पुढे दुसऱ्यांनी चिकटवले. अमेरिकेतल्या ज्या प्रशिक्षण संस्थेच्या नावावर असाच एक मनोरा फिरतो, तिच्याकडे मूळ संशोधन मागितलं गेलं तेव्हा ते तिलाही दाखवता आलं नाही.

तरीही हा शंकू मरत नाही, आणि तो का मरत नाही हे मला माझ्याच मनात दिसतं. मुलांना नुसतं ऐकवू नये, करू द्यावं, हे मला पटलेलं आहे. ते वर्गात रोज दिसतं. शंकू माझ्या बाजूने बोलतो, म्हणून तो मला हवासा वाटतो. ‘ही गोष्ट चांगली आहे ना, मग आकडा कुठून आला याची चौकशी कशाला?’ असं मन हळूच म्हणतं. गोटमारीच्या आकड्याच्या वेळी तेच म्हणालं होतं. चांगल्या गोष्टीला खोटा टेकू लावला की टेकू उघडा पडतो त्या दिवशी ती चांगली गोष्टही आडवी होते, आणि ‘करू द्या’ म्हणणारा शिक्षक गप्प बसतो. ‘हा मुलगा डोळ्यांनी शिकणारा, ती मुलगी कानांनी शिकणारी’ अशी जी विभागणी सर्रास शिकवली जाते, तिचीही गत तीच आहे. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा तसं वर्गीकरण करून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. एखाद्या पोराच्या कपाळावर ‘कानाने शिकणारा’ असं लिहून टाकण्याआधी हे आपल्याला माहीत असायला हवं होतं.

काही चुका यापेक्षा साध्या असतात आणि त्यांत वाईट हेतूही नसतो. पांढुर्णा ही छिंदवाडा जिल्ह्याची तहसील, असं सांगणारी पानं अजून ढिगाने आहेत. लिहिली तेव्हा ती बरोबर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं आणि मध्य प्रदेशात ५५ जिल्हे झाले. जुन्या गाइडमध्ये ५२ च आहेत. ‘क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा छिंदवाडा’ हे पाठ केलेलं वाक्यही आता पुन्हा मोजून पाहावं लागतं. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा नावाचा जिल्हाच नव्हता, तेव्हा ‘पांढुर्णा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या’ म्हणून कुणी आकडा दिला तर तो कोणत्या तहसिली मिळवून काढला हे विचारायचं. त्याच जनगणनेचे आधी हंगामी आकडे आले, मग अंतिम. दोन्ही इंटरनेटवर शेजारी शेजारी नांदतात. पानावरची तारीख बघायची, एवढी सवय लागली तरी यातलं बरंचसं निस्तरतं.

पण चुकीचं नुकसान नेहमी परीक्षेतल्या गुणांपुरतंच राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. त्याच महिनाभराच्या आगेमागे देशात अशी कितीतरी माणसं मारली गेली. त्या काळी फिरणाऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. तो मुळात कराचीत तयार झालेला जनजागृतीचा लघुपट होता, पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. मारणाऱ्या जमावातल्या कित्येकांना आपण पोरांचं रक्षण करतो आहोत असंच वाटत असणार. तिथेही त्यांच्या बाजूची, त्यांना पटणारी, त्यांच्या लेकरांच्या काळजीची गोष्ट होती, म्हणून ती कुणी तपासली नाही. नंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कुठे थांबायचं हे तेव्हापासून यंत्राला तरी कळलं. पाचही पाठवू नयेत एवढं शहाणपण शाळेतच यायला हवं, आणि ते देणारा माणूस तुम्ही-मीच आहोत. भिक्षेकरी, डवरी, बहुरूपी आमच्याही गावांत येतात.

तपासायचं कसं, याचं आमच्या भाषेतलं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत राहिले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापत गेले. बखर रसाळ असते, वीरश्रीची असते, आपल्या लोकांनीच लिहिलेली असते. तरी प्रसंगाच्या वेळी लिहिलेलं पत्र शेजारी ठेवल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवायची नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली. त्यांना मराठ्यांच्या इतिहासाविषयी प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? आणि त्या प्रेमामुळेच त्यांना बखरीची चूक डाचत होती, असं मला वाटतं. अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी इतिहासाचे दहा अभ्यासक, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला. विद्वान आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. देखणी मांडणी, भारदस्त नाव, खालची संदर्भयादी यांनी त्यांच्यातल्या अनेकांना चकवलं. तपासनीस मात्र पान उघडताच ते तसंच सोडून बाजूला नवी पानं उघडत आणि विचारत, या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणतं? थोडं वाचून ते लवकर आणि बरोबर निकालापर्यंत पोचले. राजवाडे बखर मिटून दप्तर उघडायचे, ते याहून फार वेगळं नव्हतं.

याहून वेगळा एक खडा सवाल माझ्या मनात रुतून आहे. १९५६ पर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य बदललं, घरातली मराठी राहिली, शाळेची पुस्तकं हिंदी झाली. त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं त्यात आहे. प्रत्यक्षात आमचं मूल घरी एका भाषेत ऐकतं आणि शाळेत दुसऱ्या भाषेत लिहितं. हळूहळू त्याच्या मनात असं बसतं की छापलेलं, मोबाईलवर आलेलं, हिंदी-इंग्रजीतलं तेवढं ज्ञान, आणि आई-बाबा मराठीत बोलतात ते नुसतं बोलणं. हे मी वर्गात कधी मोडून काढलं का? ‘पुस्तकात काय लिहिलंय ते सांग’ असं म्हणताना मीच ते घट्ट करत नव्हतो का?

कारण तपासण्याची कला खरं तर त्या घरांतच जिवंत आहे. सौंसरकडच्या संत्र्याच्या बागेत व्हिडिओ दाखवून पाहा. आंबिया बहारासाठी झाडांना अमुक दिवस पाणी तोडून ताण द्या आणि मग हे औषध फवारा, असं त्यात कुणी सांगत असेल, तर बागवाला आधी विचारतो, “याची जमीन कोणती हाय जी?” भारी काळ्या जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात, हलक्या मुरमाड जमिनीत कमी. तेच दिवस दोन्हीकडे लावले तर झाड जाईल. मग तो विचारतो, बाग कोणत्या भागातली? आंबियाची गोष्ट आहे की मृगाची? आणि शेवटी, हे औषध विकतो कोण? या माणसाला कुणी स्रोतांची विश्वासार्हता शिकवलेली नाही. चुकलं तर त्याचं वर्ष बुडतं, म्हणून तो विचारतो. आमचं चुकलं तर आमचं काही बुडत नाही, पगार त्याच तारखेला होतो. बुडतं ते मुलाचं, आणि तेही पुष्कळ वर्षांनी, आमच्या नजरेआड. म्हणूनच शिक्षकाच्या हातून हा निष्काळजीपणा इतका सहज होतो, असं मला वाटतं.

घरातलं सगळंच खरं, असं मात्र मला म्हणायचं नाही. आजोबा ‘मी पाहिलं’ म्हणतात तेव्हा एक वजन, ‘माझ्या आजानं पाहिलं’ म्हणतात तेव्हा दुसरं. हे वजन करताना त्यांचा मान राखता येतो. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडणाऱ्या माणसाला मी पुरावा मागणार नाही, मीही जोडतो. पण तिथे नेलं की औषध बंद करा, असं सांगणारा व्हिडिओ कुणी आजारी मुलाच्या आईला पाठवला, तर मी मध्ये पडेन. देवळाचा मान राखून पडेन.

३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंची जयंती होते आणि आदल्या रात्री सगळे शिक्षक मोबाईलवर सुविचार शोधतात. त्यांच्या नावावर कित्येक वाक्यं सापडतात, कुठल्या पत्रातली, कुठल्या कवितेतली, याचा मागमूस नसतो. अशी वाक्यं तक्त्यावर सुंदर अक्षरात लिहिली जातात. आणि जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन, जे खरोखर आहे, छापलेलं आहे, मिळतं, ते फारसं कुणी उघडत नाही. त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. पांढुर्ण्याच्या शेतकरी घरातून शिक्षक होऊ निघालेल्या मुलीला तक्त्यावरच्या कुठल्याही अनामिक वाक्यापेक्षा हे जास्त जवळचं वाटेल. तिच्याविषयीच तर ते लिहिलेलं आहे.

आता तयारी करणाऱ्या मुलांचा खरा पेच. परीक्षेत शंकूवर प्रश्न आला आणि उत्तरसूचीत ९० टक्केच बरोबर धरलं असेल तर काय करायचं? मी त्यांना गुण सोडा असं सांगू शकत नाही. एका गुणावर कुणाची नोकरी जाते, घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं असतं, आणि माझी नोकरी शाबूत असताना त्यांना तत्त्व शिकवणं मला शोभत नाही. म्हणून मी सांगतो, विचारलं आहे ते उत्तर लिहा, आणि उत्तरसूची जाहीर झाली की हरकत नोंदवा. हरकतीची मुदत असते, शुल्क असतं, सोबत आधार जोडावा लागतो. डेल यांचं मूळ पुस्तक, पान, वर्ष. शुल्काचे पैसे पाच-सहा जणांनी मिळून भरता येतात. हरकत फेटाळलीही जाईल. यंदा मीही त्यात माझा वाटा घालणार आहे, आणि सोबत गोटमारीचं एक काम काढलं आहे. माहितीच्या अधिकारात पोलीस आणि रुग्णालयाकडे वर्षवार नोंदी मागायच्या, नोंद कधीपासून आहे आणि कधीची नाही हे दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहायचं, आणि मिळेल तोच आकडा वर्गात सांगायचा, तो माझ्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला तरी.